पथ्याला मुदत असावी: पोटाच्या जुन्या तक्रारीत अन्न वगळून पाहण्याची आणि पूरक गोळ्या घेण्याची रीत

ज्यांचे पोट वर्षानुवर्षे बिघडलेले असते त्यांच्या ताटातून एकेक पदार्थ हळूहळू नाहीसा होत जातो. आधी दूध बंद होते, मग वातूळ म्हणून वांगे, हरभरा आणि वाल जातात, मग कोणी सांगितले म्हणून आंबट जाते आणि अलीकडे एखादा व्हिडिओ पाहून गहूही सुटतो. पदार्थ बंद करण्याचा सल्ला सगळेच देतात. तो पुन्हा कधी सुरू करायचा, हे मात्र कोणीही सांगत नाही. अशा रीतीने माणूस आठ-दहा पदार्थांवर येऊन ठेपतो, वजन आणि हिमोग्लोबिन उतरते, लग्नकार्याला जाणे नकोसे होते, आणि मूळ तक्रार तशीच राहते. हे हाल बहुतांशी टाळता येण्यासारखे आहेत. त्यासाठी अन्न वगळण्याकडे एक तपासणी म्हणून पाहावे लागते. रक्ताच्या तपासणीला जशी पूर्वतयारी, ठरलेली वेळ आणि निकाल असतो, तसेच या तपासणीलाही असले पाहिजे.

या लेखात मुख्यतः आतड्याच्या संवेदनशीलतेचा विकार, म्हणजे डॉक्टर ज्याला आयबीएस म्हणतात, तो डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण अन्न वगळून पाहण्याच्या पद्धतीला सर्वांत भक्कम आधार याच विकारात मिळालेला आहे. पूरक गोळ्यांविषयी पुढे जे लिहिले आहे ते थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही लक्षपूर्वक वाचावे.

ताटाला हात लावण्यापूर्वी

आयबीएसचे निदान लक्षणांवरून होते. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखणे, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाच्या वेळा किंवा स्वरूप बदललेले असणे आणि हा त्रास किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला असणे, असे त्याचे निकष आहेत. मात्र काही खुणा दिसल्या तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, अंगात मुरलेला ताप, रक्तक्षय, पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास आणि घरात मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याच्या दाहाचा आजार असणे, या त्या खुणा होत. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आजही आढळतो आणि त्याची सुरुवात पोटदुखी, बारीक ताप आणि घटते वजन अशी निमूटपणे होऊ शकते. अशा रुग्णाला महिनाभर मऊ भातावर ठेवणे म्हणजे उपचाराचा मोलाचा काळ घालवणे होय.

सध्या चालू असलेली औषधेही एकदा तपासून घ्यावीत. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनमुळे अनेकांना जुलाब होतात, लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, आणि मॅग्नेशियम असलेल्या आम्लपित्ताच्या औषधांनी शौच पातळ होते. दोष औषधाचा असताना शिक्षा दुधाला मिळते, असे पुष्कळदा घडते. मात्र औषध स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांशी बोलून त्याची मात्रा, वेळ किंवा प्रकार बदलता येतो.

गव्हाच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते, कारण तिची किंमत पुढे फार मोजावी लागते. सीलिॲक रोगात गहू आणि जव यांतील ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्याच अस्तरावर हल्ला करते. त्याची प्राथमिक तपासणी, म्हणजे टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी, माणूस रोज गहू खात असतानाच करावी लागते. गहू बंद करून दोन-तीन महिने झाले की रक्तातील प्रतिपिंडे उतरू लागतात, अस्तर भरून येऊ लागते आणि चाचणी खोटी निर्दोष येऊ शकते. मग खरे उत्तर मिळवायचे तर पुन्हा काही आठवडे गहू खाऊन त्रास सोसावा लागतो. म्हणून पोळी बंद करण्याच्या आधी ही चाचणी करून घ्यावी, आणि ही चाचणी ज्या प्रकारच्या प्रतिपिंडांवर आधारलेली आहे त्या आयजीएचे रक्तातील एकूण प्रमाणही त्याच वेळी मोजावे, कारण ते मुळातच कमी असेल तर चाचणीचा निकाल फसवा ठरतो.

दोनशे-तीनशे पदार्थांची 'संवेदनशीलता' एका रक्ताच्या नमुन्यावरून सांगणाऱ्या आयजीजी चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. एखादा पदार्थ आपण नेहमी खातो एवढेच आयजीजी प्रतिपिंडांवरून कळते. युरोप आणि कॅनडातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या चाचण्या निदानासाठी वापरू नयेत असे अनुक्रमे २००८ आणि २०१२ मध्ये स्पष्टपणे सांगितले आहे. या अहवालातल्या लाल रेघांवर विश्वास ठेवून तांदूळ, अंडी, शेंगदाणे आणि दही एकदमच सोडलेली माणसे पाहिली की वाईट वाटते, कारण त्यांच्या हालांना मुळात काही आधारच नसतो.

वही

दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद ठेवावी. साधी शंभर पानी वही पुरते. खाल्लेला पदार्थ, अंदाजे प्रमाण आणि वेळ एका बाजूला लिहावी. दुसऱ्या बाजूला पोटदुखी आणि पोट फुगणे यांना शून्य ते दहा असे गुण, शौचाची वेळ व स्वरूप, झोपेचे तास आणि त्या दिवशीची औषधे लिहावीत. स्त्रियांनी पाळीचे दिवसही नोंदवावेत, कारण त्या दिवसांत आतड्याची हालचाल बदलते आणि तो बदल चुकून अन्नाच्या माथी मारला जातो. शौचाच्या स्वरूपासाठी ब्रिस्टॉल मोजपट्टीचे एक ते सात असे आकडे वापरले तर डॉक्टरांना एका नजरेत कळते: एक म्हणजे लेंड्यांसारखे सुटे खडे, चार म्हणजे मऊ आणि सलग, सात म्हणजे केवळ पाणी.

'आत्ता काय खाल्ले' यावरून दोष ठरवू नये. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोहोचून तिथे आंबायला अनेक तास लागतात, त्यामुळे रात्रीच्या छोल्यांचा त्रास दुसऱ्या दिवशी दुपारी वरणभात खाताना जाणवू शकतो आणि बिचारा वरणभात बदनाम होतो. नोंदी वाचताना त्रासाच्या आधीचे पूर्ण चोवीस तास पाहावेत.

या दोन आठवड्यांतच अनेकांना उत्तर सापडते. दिवसात सहा कप चहा, दुपारचे जेवण चार वाजता, रात्री अकराला भरपेट जेवण, साखरमुक्त च्युइंगम किंवा मधुमेहींच्या मिठाईतले सॉर्बिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य, अशा गोष्टी कागदावर उतरल्या की डोळ्यांत भरतात. त्या आधी सुधाराव्यात. जेवणाच्या वेळा नियमित कराव्यात, चहा-कॉफी दोन-तीन कपांवर आणावी, तळणीचे आणि फसफसणारी पेये कमी करावीत. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल अर्ध्या-एका चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर, दर आठवड्याला थोडे वाढवत घ्यावा आणि इतर औषधे व तो यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. गव्हाचा कोंडा आयबीएसमध्ये उलट त्रास वाढवतो असा अनुभव आहे. महिनाभरात एवढ्याने भागले तर पुढचे काहीच करण्याची गरज नाही.

वगळण्याचा टप्पा

वरच्या उपायांनी भागले नाही तर फॉडमॅप कमी असलेला आहार करून पाहावा. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झाली आणि २००५ पासून ती वैद्यकीय नियतकालिकांत मांडली गेली. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, आंबणाऱ्या काही शर्करा: गहू, कांदा आणि लसूण यांतले फ्रुक्टन, कडधान्यांतले गॅलॅक्टन, दुधातले लॅक्टोज, मध, आंबा, कलिंगड आणि सफरचंद यांतले जादा फ्रुक्टोज, अळंबीतले मॅनिटॉल आणि सफरचंद-नासपतीतले सॉर्बिटॉल. या शर्करा आतड्यात पाणी ओढून घेतात आणि जिवाणू त्यांपासून वायू तयार करतात. हे प्रत्येकाच्याच पोटात घडते. आयबीएसच्या रुग्णाचे आतडे तो ताण वेदना म्हणून अनुभवते. म्हणजे या पदार्थांत विष नाही आणि त्यांची ॲलर्जीही नाही, हे मनात पक्के असावे.

गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले, आधीच वजन कमी असलेले लोक आणि खाण्याविषयी मनात धास्ती बसलेल्या व्यक्ती यांनी हा टप्पा आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय मुळीच करू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण पोळी-डाळीचे प्रमाण बदलले की साखर अचानक खाली जाऊ शकते.

मराठी स्वयंपाकघराला या टप्प्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. कांदेनवमीनंतर चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी घरे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चार महिने उत्तम चवीचे जेवत आली आहेत. गोडा मसाला, ओले खोबरे, आमसूल, जिरे, आले, कोथिंबीर आणि कढीपत्ता यांच्या जोरावर भाजी-आमटी निभावते. गोडा मसाला विकतचा असेल तर त्यात कांदा-लसूण नाही ना, एवढे पाहावे. कांदा-लसूण मसाला मात्र या काळात डब्यातच राहू द्यावा.

धान्यांत तांदूळ, ज्वारी आणि नाचणी चालते, म्हणून भाकरी हाच पोळीचा पर्याय. भाज्यांत भेंडी, वांगे, फरसबी, गाजर, काकडी, पालक आणि बटाटा घ्यावा. फळांत पपई, संत्रे, अननस आणि किंचित कच्चट केळे घ्यावे. केळे जसजसे पिकते तसतसे त्यातले फ्रुक्टन वाढते, त्यामुळे काळे ठिपके पडलेले केळे टाळावे. अंडी, मासे आणि चिकन यांत फॉडमॅप नसतात, फक्त वाटणातला कांदा तेवढा वगळावा. शेंगदाणे चालतात, त्यामुळे कूट घातलेल्या भाज्यांवर गदा येत नाही. दुधाऐवजी लॅक्टोजमुक्त दूध घ्यावे. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते. डाळ पूर्ण बंद करू नये, विशेषतः शाकाहारी माणसाने. मुगाची डाळ काही तास भिजवून, ते पाणी ओतून देऊन, नव्या पाण्यात शिजवावी आणि एका वेळी छोटी वाटीभरच घ्यावी. गॅलॅक्टन पाण्यात विरघळते, त्यामुळे ओतलेल्या पाण्याबरोबर त्याचा बराच भाग निघून जातो.

याच गुणधर्मामुळे एक चूक घरोघरी होते. रश्श्यात कांदा शिजवून नंतर फोडी बाजूला काढून खाल्ले तर उपयोग नाही, कारण फ्रुक्टन तोपर्यंत रश्श्यात उतरलेले असते. तेलात मात्र ते विरघळत नाही. कढल्यात तेल तापवून त्यात लसणाच्या सोललेल्या पाकळ्या मंद आचेवर गुलाबी होऊ द्याव्यात, मग झाऱ्याने सगळ्या पाकळ्या नि त्यांचे बारीक तुकडे काढून टाकावेत आणि त्याच तेलात मोहरी-जिरे तडतडवावे. लसणाचा वास आमटीला पुरेपूर लागतो आणि पोट गप्प राहते. हे तेल त्याच वेळी वापरून संपवावे, बाटलीत भरून ठेवू नये, कारण लसूण मुरवलेल्या तेलात घातक जिवाणू वाढू शकतात. कांद्याच्या चवीसाठी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात वापरता येते.

ज्यांना सीलिॲक रोगाचे निदान झाले आहे त्यांचे नियम मात्र फार कडक आहेत आणि आयुष्यभराचे आहेत. त्यांना सकाळी एक पाव खाऊन दुपारी पथ्य पाळणे चालत नाही. त्यांच्यासाठी धोका उघड पोळीपेक्षा लपलेल्या गव्हात जास्त असतो. बाजारातले बांधानी हिंग बहुतेकदा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मिसळलेले असते. डबीच्या मागची घटकांची ओळ वाचल्याशिवाय ते घरात आणू नये. थालिपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू असतो, महाराष्ट्रात सातूचे पीठ म्हणून जे मिळते त्यातही गहू असतो. त्याहून दुर्लक्षित जागा म्हणजे पिठाची गिरणी. आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाल्यावर त्याच जात्यातून आपली ज्वारी जाते, आणि पहिल्या काही मूठभर पिठात गव्हाचे पांढरे पीठ मिसळून येते. सीलिॲक रुग्णाने धान्य घरगुती चक्कीवर दळावे किंवा फक्त ज्वारी-बाजरीसाठी वेगळे जाते ठेवणारी गिरणी शोधावी. 'ग्लूटेनमुक्त' असे छापलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, त्यामुळे ते छापलेले पीठ घेणे हाही एक मार्ग आहे. आयबीएसच्या रुग्णाला एवढी काटेकोर सावधगिरी लागत नाही; त्याच्या भाजीत चिमूटभर हिंग पडले म्हणून प्रयोग मोडत नाही.

हा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा असतो. सुरू करतानाच संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी, आणि सण, लग्न, परीक्षा किंवा प्रवास नसलेले आठवडे निवडावेत. या काळात नवी गोळी, नवे चूर्ण किंवा प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची गोळी वा पावडर) सुरू करू नये, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. सहा आठवड्यांत वहीतले गुण उतरले नाहीत तर फॉडमॅप हे कारण नाही असे समजावे आणि सारे पदार्थ परत सुरू करावेत. लाभ झाला नसतानाही 'आणखी कडक करून पाहू' म्हणणे ही सर्वांत घातक वाट आहे.

परत आणण्याचा टप्पा

माझ्या मते सगळ्या पद्धतीचा प्राण इथे आहे, आणि लोक नेमके इथेच थांबतात. बरे वाटू लागले की पुन्हा त्रास ओढवून घेण्याची भीती वाटते, ती समजण्यासारखी आहे. परंतु फ्रुक्टन आणि गॅलॅक्टन हे आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचे अन्न आहे, कडक आहार लांबला तर त्या जिवाणूंची संख्या घटते, शिवाय कॅल्शियम, लोह आणि तंतुमय पदार्थही कमी पडू लागतात. बहुतेकांना सगळ्या गटांचा त्रास नसतो. एक किंवा दोन गट बाधतात आणि तेही ठरावीक प्रमाणापुढे.

मूळ आहार तसाच ठेवून एका वेळी एकच गट तपासावा. लॅक्टोजसाठी पहिल्या दिवशी पाव कप दूध, दुसऱ्या दिवशी अर्धा कप, तिसऱ्या दिवशी एक कप. मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि वहीत निकाल. गव्हासाठी अर्धी, एक आणि दोन पोळ्या. कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासावेत, कारण पोळी पचणाऱ्याला कांदा बाधू शकतो. गॅलॅक्टनसाठी शिजवलेले छोले एक चमचा, दोन चमचे, पाव वाटी. फ्रुक्टोजसाठी मध किंवा हापूसच्या दोन फोडींपासून सुरुवात, मॅनिटॉलसाठी अळंबी. मधल्या कोणत्याही दिवशी त्रास झाला तर तिथेच थांबावे, पोट शांत होऊ द्यावे आणि त्याच्या आधीचे प्रमाण ही आपली मर्यादा म्हणून लिहून ठेवावी. एखादा गट पचला तरी सारे गट तपासून होईपर्यंत तो नेहमीच्या जेवणात आणू नये. हे कठीण जाते, पण त्याशिवाय निकाल स्वच्छ येत नाही.

लॅक्टोजच्या बाबतीत पुष्कळांना सुखद धक्का बसतो. लॅक्टेज हे विकर कमी असलेल्या प्रौढांपैकीही अनेकांना सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, जेवणाबरोबर घेतले तर सोसते. दह्यातले जिवाणू त्यातले काही लॅक्टोज आधीच फोडतात, म्हणून दूध बाधणाऱ्यांना दही आणि ताक चालू शकते.

आपल्या मनातील अपेक्षेचा प्रभावही लक्षात घ्यावा लागतो. २०१३ साली मेलबर्नमधील संशोधकांनी ग्लूटेन बाधते असे ठामपणे मानणाऱ्या, पण सीलिॲक रोग नसलेल्या ३७ जणांना आधी फॉडमॅप कमी असलेला आहार दिला आणि मग त्यांना न कळू देता ग्लूटेन खाऊ घातले. ग्लूटेनचा स्वतंत्र परिणाम त्यांना आढळला नाही. २०१८ मध्ये ऑस्लोत ५९ जणांवर अशाच रीतीने प्रयोग झाला, तेव्हा त्रास अधिक झाला तो फ्रुक्टनने. त्या माणसांचा त्रास खराच होता, त्याचे कारण तेवढे वेगळे निघाले. म्हणून एखाद्या पदार्थाविषयी मनात शंका पक्की बसली असेल तर घरच्यांची मदत घ्यावी. खीर कोणत्या दिवशी साध्या दुधाची आणि कोणत्या दिवशी लॅक्टोजमुक्त दुधाची केली, हे करणाऱ्याने स्वतःपाशी लिहून ठेवावे, खाणाऱ्याने फक्त गुण लिहावेत, आणि आठवड्याच्या शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. मात्र ज्या पदार्थाने अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते किंवा श्वास लागतो, त्याची चाचणी घरी कधीही करू नये. ती खरी ॲलर्जी असते आणि जिवावर बेतू शकते. सीलिॲक रुग्णानेही असा प्रयोग करू नये.

जे खरोखर वगळावे लागेल त्याची भरपाई ताटातच शोधावी. दूध कमी झाले तर कॅल्शियम कमी होते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून दोनशेच्या आसपास मिळते. १०० ग्रॅम तिळात ते हजाराहून अधिक असते, म्हणून भाकरीवर तिळाची चटणी हा नुसता चवीचा भाग नाही. प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागते. वनस्पतींतले सगळेच कॅल्शियम शोषले जात नाही, तेव्हा हिशेब थोडा सढळ हाताने करावा.

पूरक गोळ्या

गोळी सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणत्या तपासणीत काय कमी आले, मात्रा किती आणि पुन्हा तपासणी कधी. ही तीन उत्तरे नसतील तर गोळी घेऊ नये. आपल्याकडे पूरक आहार म्हणून विकली जाणारी उत्पादने अन्नाच्या कायद्याखाली येतात आणि त्यांच्या वेष्टनावर ती औषधी उपयोगासाठी नाहीत असे छापणे बंधनकारक आहे. ती ओळ विक्रेता दाखवत नाही, आपण शोधून वाचावी.

ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी माणसांत इतकी आढळते की तिची तपासणी टाळूच नये. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरी व ग्रामीण भागातील ४४१ पुरुषांची पाहणी करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ कमी निघाले. दीर्घकाळ मेटफॉर्मिन किंवा पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर धोका वाढतो. स्पिरुलिना किंवा आंबवलेले पदार्थ यांवर त्यासाठी विसंबू नये. हातापायांना मुंग्या, तोल जाणे किंवा विसरभोळेपणा असेल तर गोळ्यांऐवजी इंजेक्शन लागू शकते, तो निर्णय डॉक्टरांचा. ब-१२ न तपासता नुसते फॉलिक ॲसिड जास्त मात्रेत घेऊ नये, कारण त्याने रक्तक्षय सुधारतो आणि नसांची हानी मात्र पडद्याआड चालू राहते.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, सहसा आठ आठवडे दिली जाते. ती रोज घेतल्याने किंवा इंजेक्शनांचा मारा केल्याने रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाते. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान ही त्याची लक्षणे जुन्या पोटदुखीसारखीच दिसत असल्याने निदान लांबते आणि मूत्रपिंडाला इजा होते. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असे लिहिलेले घरातल्या वडीलधाऱ्यांना वार ठरवून समजावून सांगावे.

लोहाची गोळी पोटाला जड जाते, म्हणून आयबीएसचे रुग्ण ती लवकर सोडतात. २०१७ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांत दाखवून दिले की रोज घेण्यापेक्षा दिवसाआड घेतलेल्या लोहाचे शोषण अधिक होते, आणि पोटाचा त्रासही त्यात कमी होऊ शकतो. आपल्या डॉक्टरांना हे जरूर विचारावे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि आधी-नंतर तासभर चहा घेऊ नये. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी आणि लोह व कॅल्शियम यांच्यापासून तिला चार तास दूर ठेवावे. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी थायरॉइडची तपासणी करण्यापूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवून प्रयोगशाळेला सांगावे, नाहीतर काही यंत्रांवर टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा, खोटा कमी दिसतो.

पोटासाठी म्हणून घेतलेल्या गोळ्यांचाही पोटाला त्रास होतो. मॅग्नेशियम आणि जास्त मात्रेतले क जीवनसत्त्व जुलाब करतात. गोड चघळण्याच्या गोळ्यांत सॉर्बिटॉल असू शकते. प्रोबायोटिक घ्यायचेच असेल तर एकच उत्पादन जास्तीत जास्त बारा आठवडे घेऊन पाहावे आणि गुण न आल्यास सोडावे. आतड्यात विरघळणारी पेपरमिंट तेलाची कॅप्सूल पोटातल्या कळांना उपयोगी पडते, परंतु छातीत जळजळ होत असेल त्यांना ती मानवत नाही.

नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हा समज यकृताला महागात पडतो. आमटीतली हळद वेगळी आणि मिरीच्या अर्काने शोषण वाढवलेली हळदीची कॅप्सूल वेगळी. अशा कॅप्सुलांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी अनेक देशांत झाल्या आहेत. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा आणि गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताची हानी आढळल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती. माझे मत असे की काढा किंवा कॅप्सूल महिन्याहून अधिक चालवायची असेल तर यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर तत्क्षणी थांबवावी.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, ते रक्तात साचले तर हृदयाचे ठोके बिघडतात. रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल चालू असेल तर पालेभाज्या बंद करू नयेत आणि अचानक वाढवूही नयेत. रोजचे प्रमाण सारखे ठेवावे, म्हणजे आयएनआर, अर्थात रक्त गोठण्याच्या तपासणीतला आकडा, स्थिर राहतो.

डॉक्टरांकडे जाताना वहीची शेवटची दोन पाने, बाधणाऱ्या गटांची यादी त्यांच्या मर्यादेसह, आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्या-चूर्णांच्या रिकाम्या पट्ट्या व डब्या पिशवीत घालून न्याव्यात, कारण नाव विसरते पण डबी विसरत नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांनाही हीच पिशवी दाखवावी. जे पदार्थ बाधले ते दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा अर्ध्या प्रमाणात तपासावेत. आतड्याची सहनशक्ती बदलत असते, आणि गेल्या वर्षी न सोसलेला कांदा या वर्षी अर्धी फोड तरी सोसू शकतो.